रुंद पानांचा केना, लांब पानांचा केना

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना रानफुले आणायला सांगितली, तर निम्म्या वर्गाने केना आणला. पण तो दोन तऱ्हेचा निघाला. एकाची पाने रुंद, आखूड, किंचित लवदार. दुसऱ्याची लांबट, टोकदार, बांबूच्या पानाच्या वळणाची. फूल मात्र दोन्हींचे तेच निळे. एक मुलगा म्हणाला, एक नर आणि एक मादी. दुसरा म्हणाला, एक कोवळा आणि एक जून. सासूबाई म्हणतात, भाजीचा केना रुंद पानांचाच, दुसरा गुरांचा. यातले खरे काय? आणि सकाळी आणलेल्या फुलाचे मधल्या सुट्टीपर्यंत पाणी होते, ते का?

उत्तर : सासूबाईंचा निम्मा कौल बरोबर आहे, मुलांचे दोन्ही अंदाज चुकले. तुमच्या वर्गात दोन वेगळ्या जाती आल्या आहेत. रुंद पानांचा तो कोमेलिना बेंगालेन्सिस, आपला नेहमीचा केना. लांब पानांचा बहुधा कोमेलिना डिफ्यूझा. ‘बहुधा’ का, ते पुढे येईल. गावात दोघांनाही केना किंवा केनीच म्हणतात. दोघांचे घराणे एक, निळाई एक, पावसाळ्यात यायची वेळही एक, त्यामुळे त्यात वावगे काही नाही.

नर-मादीचे आधी मिटवू. पपईसारखे नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे, असा प्रकार केन्यात नसतो. तरी त्या मुलाला अगदीच खोडून काढू नका, कारण केन्यात नर फुले असतात. फक्त ती त्याच झाडावर, त्याच घडीत असतात. फुले ज्या हिरव्या पानासारख्या घडीतून बाहेर येतात तिला महाछद म्हणतात. रुंद पानांच्या केन्यात या घडीतून उंच देठावर एकटेच वर आलेले फूल बहुतेक वेळा नर असते. त्याच्यानंतर, घडीच्या तोंडाशीच उमलणारी फुले द्विलिंगी असतात आणि फळ त्यांनाच धरते. म्हणजे नर-मादी शोधायचे तर दोन झाडे समोर ठेवून चालणार नाही, एका झाडावरची दोन फुले समोर ठेवावी लागतील. कोवळा-जून हा तर्क मात्र सोडून द्यावा. केन्याचे पान वयाने मोठे होते, पण रुंदाचे लांब होत नाही.

आता ओळखीकडे. पानांवरून ओळखायला मुले फार लवकर शिकतात आणि तिथेच फसतात. सावलीत वाढलेल्या रुंद केन्याचे पान लांबते, उघड्यावरच्या लांब केन्याचे आखूड होते. मधल्या आकाराची पाने हातात आली की मग वाद सुरू होतात. शिवाय देशावर, विशेषतः काळ्या जमिनीत, तिसरा एक केना भेटतो: कोमेलिना फोर्स्काओली. त्याची पाने अरुंद आणि कडेला लाटा पडल्यासारखी असतात. पान पाहून कोणीही त्याला डिफ्यूझात टाकील, आणि तो तर वागणुकीने रुंद पानांच्या केन्याच्या जवळचा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा एक विद्यार्थी, पीटर फोर्स्कोल, अरबस्तानात वनस्पती गोळा करता करता 1763 साली येमेनमध्ये वारला. त्याचे नाव या तिसऱ्या केन्याला आहे. ‘बहुधा’ म्हटले ते याच्यामुळे.

म्हणून पान बाजूला ठेवा आणि महाछद हातात घ्या. दोन्ही जातींत तो पानासारखाच, मधोमध घडी पडलेला असतो. रुंद पानांच्या केन्यात घडीच्या मागच्या कडा एकमेकींना चिकटून शिवल्यासारख्या झालेल्या असतात. त्यामुळे त्याचे नरसाळे बनते. नखाने उकलायला गेलात तर फाटते. लांब पानांच्या केन्यात कडा शेवटपर्यंत सुट्या असतात. अंगठ्याने हलकेच दाबले की घडी पुस्तकासारखी उघडते आणि आतल्या कळ्या दिसतात. एवढी एक खूण पक्की केली तरी वर्गातला निम्मा गोंधळ संपतो. फोर्स्काओलीचा महाछदही नरसाळ्याचाच असतो, त्यामुळे अरुंद पानांच्या त्या ठकसेनालाही याच खुणेने पकडता येते.

महाछद कुठे आणि कसा बसला आहे तेही बघावे. रुंद पानांच्या केन्यात देठ अगदी आखूड असतो आणि फांदीच्या टोकाला दोन-तीन नरसाळी दाटीने बसतात. डिफ्यूझात महाछद एकेकटा, पानासमोर, चांगल्या लांब देठावर आणि विळ्यासारखा किंचित वाकलेला. हे लांबूनही कळते. दुसरी खूण पान खोडाला जिथे बिलगते तिथे आहे. केन्याच्या पानाचा तळ खोडाभोवती नळीसारखा गुंडाळलेला असतो. रुंद पानांच्या केन्यात या नळीच्या तोंडाशी तांबूस, गंजाच्या रंगाचे लांब केस असतात. लांब पानांच्या केन्यातही तिथे केस असतात, पण रंगहीन आणि आखूड. साधे भिंग असेल तर मुलांना हे दाखवा; मुलांना केस फार आवडतात.

ही सगळी वरवरची ओळख झाली. या दोन भावंडांमधला खरा भेद मातीखाली आहे, आणि तो पाहायचा तर झाड उपटायला हवे. झटक्यात उपटू नका. खुरप्याने बाजूची माती सैल करा, मुठीत झुडूप धरून मातीसकट वर काढा आणि बादलीतल्या पाण्यात धुवा. झाड रुंद पानांचे असेल आणि पाऊस सुरू होऊन पुरेसे दिवस झाले असतील, तर मुळांच्या गुंत्यात काही पांढरट, जाडसर, पाने नसलेले धागे दिसतील. ती मुळे नव्हेत, फांद्या आहेत. खालच्या पेरांतून निघून त्या सरळ जमिनीत शिरल्या आहेत. त्यांच्यावर छोटे, फिकट महाछद असतात आणि त्यांच्या आत फुले असतात. ही फुले कधीच उमलत नाहीत. त्यांना रंग नसतो, त्यांच्याकडे कोणी माशी येत नाही. मिटलेल्या कळीतच परागकण स्वतःच्या किंजल्कावर पडतात, आणि मातीखालीच बी तयार होते.

मुले लगेच म्हणतील, भुईमुगासारखे. इथे थोडे थांबून फरक सांगा, कारण तो फार छान आहे. भुईमुगाचे फूल वर, उजेडात उमलते, पिवळे असते. फळ धरल्यावर त्याची आर जमिनीत शिरते. केन्यात फूलच मुळी जमिनीत लागते. त्याने सूर्य पाहिलेलाच नसतो. आणि भुईमूग सगळ्या शेंगा जमिनीतच धरतो, केना मात्र दोन्ही दुकाने चालवतो: एक वर, निळ्या फुलांचे, आणि एक खाली, बंद दारांचे.

जम्मू विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या केन्याच्या पुनरुत्पादनाचा बारकाईने अभ्यास केला आणि 2002 साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी दाखवले की एकाच झाडाच्या फांद्या तीन दिशांना जातात. काही उजेडाकडे वर, काही जमिनीलगत आडव्या, आणि काही गुरुत्वाच्या ओढीने खाली. फुले तिन्हींवर लागतात, फक्त ती कोणत्या प्रकारची हे फांदीच्या दिशेनुसार बदलते. ‘साधे तण’ म्हणून आपण ज्याला बांधावर भिरकावतो त्याने स्वतःचा कारभार असा तीन मजल्यांवर वाटून ठेवला आहे.

हा खटाटोप कशासाठी? उमललेल्या फुलाला दुसऱ्या झाडाचे पराग मिळू शकतात, म्हणून त्याच्या बीत नवे मिश्रण येते. त्याचे बी थोडे दूरही जाते: पाण्याबरोबर, मातीबरोबर, गुरांच्या खुरांबरोबर. पण फूल उमलण्यात जोखीम आहे. माशी आली नाही, पाऊस झोडपत राहिला, गाय येऊन शेंडाच खाऊन गेली, तर सगळे फुकट. जमिनीखालच्या फुलाला यातले काहीच भय नाही. त्याचे बी कुठे जात नाही, आणि आई जिथे वाढली तिथेच पडते. ती जागा चांगली असल्याचा पुरावा आईच असते. वर आणि खाली अशी दोन प्रकारची फळे धरणाऱ्या वनस्पती जगात आहेत, पण फार नाहीत. त्यातली एक तुमच्या शाळेच्या कुंपणाशी आहे, हे मुलांना जरूर सांगा.

गोष्ट इथे संपत नाही. वरच्या फळात साधारण पाच बिया असतात, एक मोठी आणि चार लहान. खालच्या फळात तीन, एक मोठी आणि दोन लहान. म्हणजे एकाच झाडाच्या चार तऱ्हेच्या बिया झाल्या, आणि त्या चौघींचे स्वभाव वेगळे. जमिनीखालची मोठी बी उतावळी असते, ती चटकन रुजते. वरची लहान बी सर्वांत झोपाळू. तिचे कवच कठीण असते आणि ती योग्य वेळेची वाट पाहत जमिनीत पडून राहते. आषाढातल्या एखाद्या पावसाने फसवून नंतर उघाड दिली, तर उतावळ्या बियांची रोपे करपतात, पण सगळे घराणे बुडत नाही.

लांब पानांचा केना हे काही करत नाही. त्याला जमिनीखालची फुले नाहीत. त्याने दुसरा मार्ग धरला आहे: पसरणे. तो जमिनीवर लोळत जातो, पेर टेकले की तिथे मुळे सोडतो, मूळ धरले की पुढे सरकतो. मधला भाग तुटला तरी दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे जगतात. यासाठी त्याला ओल हवी, आणि तुमच्याकडे ती ठिकठिकाणी आहे. भातखाचरांच्या मेरा, पाटाचे काठ, पऱ्याच्या कडेची चिखलट जागा, विहिरीच्या सांडपाण्याची घळ. रुंद पानांच्या केन्यालाही पेरांतून मुळे फुटतात, पण त्याला पाणथळीचे एवढे प्रेम नाही. तो वरकस जमिनीत, नाचणीत, परसात, नांगरलेल्या आणि खणलेल्या मातीत खूश असतो. मुलांना पुढच्या वेळी केना आणताना ‘कुठून आणलास’ हे लिहून आणायला सांगा. कोणता कुठे राहतो याचा नकाशा चार दिवसांत वर्गातच तयार होईल, आणि माझ्या सांगण्यापेक्षा तो जास्त भरवशाचा असेल.

दोघे वेगळे असण्याचा आणखी एक पुरावा साध्या डोळ्यांना दिसत नाही. पेशीतली गुणसूत्रे मोजली तर रुंद पानांच्या केन्यात ती 11च्या पटीत भरतात, 22 किंवा 44. लांब पानांच्या केन्यात 15च्या पटीत, बहुतेक ठिकाणी 30. हिशोबाचा पायाच वेगळा असल्यामुळे दोघे शेजारी शेजारी फुलले तरी मधल्या रूपाचा केना त्यांच्यापासून तयार होत नाही. जो मधल्या रूपाचा वाटतो, तो सावलीतला असतो.

आता पाणी होणाऱ्या फुलाकडे येऊ. केन्याच्या फुलाला तीन पाकळ्या असतात. दोन मोठ्या, कानांसारख्या वर उभारलेल्या. तिसरी खाली, लहान आणि रुंद केन्यात तर सहज नजरेआड होणारी. मधोमध पिवळेधमक काहीतरी चमकते. ते परागांनी भरलेले केसर वाटतात, पण वरचे तीन पिवळे केसर वांझ असतात. त्यांच्याकडून देण्यासारखे जवळजवळ काही नसते. खरे काम करणारे तीन केसर खाली, जरा पुढे आलेले, आणि त्यांच्यासोबत किंजल वळून बाहेर आलेला. केन्याच्या फुलात मध नसतो. त्याच्या अख्ख्या घराण्यातच मध तयार करण्याची सोय नाही. लहान मधमाशी पिवळ्या रंगाला भुलून येते, वांझ केसरांशी झटापट करते, आणि तोवर तिच्या पोटाला खालच्या केसरांचे पराग लागून जातात. सरळ भाषेत ही फसवणूक आहे, पण इतकी देखणी की तक्रार करवत नाही.

हे दुकान सकाळीच उघडते आणि ऊन चढले की बंद होते. बहुतेक फुले मिटून नाहीशी होतात, कारण पाकळ्या अत्यंत पातळ आणि पाण्याने भरलेल्या असतात. गुलाबाची पाकळी सुकते, झडते. केन्याची पाकळी विरघळते. तिच्या पेशी ढासळतात, त्यांतले पाणी बाहेर येते आणि उरतो तो निळसर ओला गोळा. मुलांनी दप्तरात घातल्यामुळे तसे होते असे समजू नका, झाडावरही तेच होते. पण मिटता मिटता फूल एक शेवटचे काम उरकते. केसर आणि किंजल दोन्ही गुंडाळले जातात, एकमेकांना घासतात, आणि माशी आलीच नसेल तर स्वतःचे पराग स्वतःला लागतात. खाली मातीत जे बंद दारांआड चालते, ते वर दार मिटताना चालते. मुलांना हे पाहायचे असेल तर शाळा भरायच्या वेळी एखाद्या फुलावर दोरा बांधा आणि दर अर्ध्या तासाने एकाला बघायला पाठवा. तेवढीच त्याला मोकळी हवा.

त्या निळ्या रंगाचे वेड सगळ्यात जास्त कोणाला लागले असेल तर जपान्यांना. त्यांच्याकडे कोमेलिना कोम्युनिस ही वेगळीच बहीण असते. तिच्या एका मोठ्या फुलांच्या वाणाचा रस कागदात मुरवून ठेवतात आणि रेशमावर नक्षी रेखाटायला वापरतात. कारण पाण्याने धुतले की हा निळा रंग पूर्ण निघून जातो आणि खाली फक्त खरी रंगवलेली नक्षी उरते. ज्या पाणचटपणामुळे फूल दुपारपर्यंत टिकत नाही, तोच रंगाऱ्याला उपयोगी. निळेपणाचे कोडे मात्र बरीच वर्षे सुटले नव्हते. नागोयातल्या रसायनशास्त्रज्ञांनी 1992 साली त्याची रचना उलगडली: दोन प्रकारच्या रंगद्रव्यांचे सहा-सहा रेणू दोन मॅग्नेशियम अणूंच्या आधाराने रचलेले. इतक्या नेमक्या बांधणीचे फूल चार तासांत वितळून जावे, हे मला अजून थोडे अन्यायाचे वाटते.

तुम्ही पुस्तकात शोधायला जाल म्हणून नावांचे एक सांगणे आवश्यक आहे. लिनियसने 1753 साली रुंद पानांच्या केन्याला नाव दिले. लांब पानांच्या केन्याचे नाव 1768 साली धाकट्या बर्मन या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. पण जुन्या वनस्पतिसूचींमध्ये हा दुसरा केना बहुतेक ठिकाणी कोमेलिना न्यूडिफ्लोरा या नावाखाली सापडतो. ती चूक बरेच दिवस चालली. त्या नावाची खरी मालकीण वेगळीच निघाली आणि तिची रवानगी आता मुर्दानिया या प्रजातीत झाली आहे. जुने पुस्तक आणि नवे पुस्तक जुळत नसेल तर घाबरू नका, झाड तेच आहे.

कोमेलिना हे नाव डच कोमेलिन घराण्यावरून आले. त्यातल्या यान कोमेलिनचा आपल्याशी थोडा संबंध आहे. कोचीनच्या डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला छापून घेतला. त्यातल्या पुढच्या काही खंडांना टिपा लिहिण्याचे काम यान कोमेलिनने केले. याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेली ग्वाही छापलेली आहे. लिनियसने पुढे थट्टेने लिहिले की या फुलाच्या दोन ठसठशीत पाकळ्या म्हणजे नाव कमावलेले दोन कोमेलिन, आणि तिसरी फिकी म्हणजे वनस्पतिशास्त्रात काही करण्याआधीच वारलेला तिसरा. थोडी क्रूर थट्टा आहे. ज्याला काही करायला वेळच मिळाला नाही, त्याची आठवण त्याच्या फिकेपणावरून काढणे फारसे बरे नव्हे.

राहता राहिला सासूबाईंचा मुद्दा. रुंद पानांचा केना हा पावसाळी रानभाजीतला जुना मानकरी आहे. कोवळे शेंडे चिरून डाळ घालून पातळ भाजी करतात, आणि अख्खी पाने बेसनाच्या पिठात बुडवून भजी तळतात. पान जाडसर आणि थोडे बुळबुळीत असल्याने भजीत ते चांगले टिकते. लांब पानांचा केनाही खाण्याजोगा आहे, अनेक देशांत पालेभाजी म्हणून तो खातात, आणि गुरेही दोन्ही चवीने खातात. तरी सासूबाईंची निवड माझ्या मते योग्यच आहे, कारण रुंद पानाचे पीठ धरणे वेगळे आणि लांब पानाचे वेगळे. फक्त कुठून खुडता ते बघा. फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचा आणि सांडपाण्याच्या गटाराकाठचा केना घेऊ नका. डिफ्यूझाला अशाच जागा प्रिय असतात, आणि ‘गुरांचा’ हा शिक्का त्याच्यावर बसला तो कदाचित त्यामुळेच.

प्रश्न : काससारख्या पठारांवर केन्यासारखीच छोटी निळी-जांभळी फुले दिसतात. तेही केनेच का?

उत्तर : जवळचे नातेवाईक, पण केने नव्हेत. त्यातली बरीचशी मुर्दानिया असतात. ओळखायची युक्ती एकच: फुलाखाली ती पानासारखी घडी, महाछद, आहे का बघा. केन्यात असते, मुर्दानियात नसते. मुर्दानियाच्या तिन्ही पाकळ्याही साधारण सारख्या असतात, कोणी फिका राहत नाही. हे नाव सहारणपूरच्या वनस्पती उद्यानातला वनस्पती गोळा करणारा आणि तिथल्या संग्रहाचा राखणदार मुर्दन अली याच्यावरून वनस्पतिशास्त्रज्ञ रॉइलने 1840 साली दिले. त्या काळात साहेबांची नावे झाडांना सर्रास लागत. त्यांच्या हाताखाली रान तुडवणाऱ्या हिंदुस्थानी माणसाचे नाव लागल्याची उदाहरणे मोजकीच, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखे.

प्रश्न : आमची जळगाव जिल्ह्यात केळीची बाग आहे. दर खुरपणीला केना उपटतो, बांधावर टाकतो, पुन्हा तो असतोच. तणनाशकालाही दाद देत नाही. उपाय काय?

उत्तर : बांधावर टाकणे, हीच मुख्य अडचण आहे. उपटलेल्या केन्याच्या खोडात इतके पाणी असते की तो कित्येक दिवस मरत नाही, आणि मधे एक सर आली तर पेरांतून मुळे सोडून तिथेच बस्तान बसवतो. रोटाव्हेटर फिरवणे त्याहून वाईट. तुम्ही एका झाडाची पन्नास बेणी करून देता. उपटलेला केना पाटीत भरून बाहेर न्या, खडकावर किंवा प्लॅस्टिकवर कडक उन्हात वाळवा, आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच खताच्या खड्ड्यात टाका.

दुसरे, खुरपणीची वेळ. रुंद पानांचा केना निळे फूल दाखवतो तेव्हा आपल्याला वाटते की आता बी धरेल, आता काढू. पण जमिनीखालचे दुकान त्याच्या आधीच सुरू झालेले असू शकते. त्यामुळे दोन-चार पानांचा असतानाच काढायला हवा. फुलावर आलेला काढलात तर माती झटकून टाकू नका, पांढऱ्या फांद्यांसकट उचला. आणि एकदा काढून संपेल असे मानू नका. चार तऱ्हेच्या बियांमुळे तो टप्प्याटप्प्याने उगवतो. पहिली खेप तुम्हाला दिसते, दुसरी आणि तिसरी नंतर येते.

तणनाशकाचे म्हणाल तर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने हा धडा महागात घेतला. आपल्याकडून आणि आफ्रिकेकडून तिकडे पोचलेल्या या केन्याला अमेरिकी सरकारने 1983 सालीच घातक तणांच्या यादीत घातले होते. 1990च्या दशकाच्या शेवटी तिथे ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारी कपाशी आली. शेतकरी त्या एकाच औषधावर विसंबले, जमिनीची मशागत कमी केली, दुसरी तणनाशके सोडली. इतर तणे मेली. केना ग्लायफोसेटला फारसा भीत नाही. त्याला मोकळे रान मिळाले आणि 2004 पर्यंत तो तिथल्या कपाशीतले सर्वांत त्रासदायक तण ठरला. तेव्हा औषध बदलून पाहायचे असेल तर कृषी विज्ञान केंद्रात विचारून, पिकाला चालणारेच घ्या. पण त्याच्या एकट्याच्या जोरावर बाग मोकळी होईल ही आशा ठेवू नका.

केळीत दुर्लक्ष करून चालणार नाही याचे आणखी एक कारण आहे. तुमच्याकडे ज्याला हरण्या म्हणतात त्या रोगाचा विषाणू, कुकुंबर मोझॅक, केन्याच्या दोन्ही जातींत सुखाने राहतो. मावा केन्यावर बसतो आणि तिथून केळीवर जातो. म्हणून नव्या लागवडीच्या आसपास, पाटाच्या काठावरचा लांब पानांचा केनासुद्धा सोडू नका. त्याला जमिनीखालचे बी नाही, त्यामुळे तो मुळासकट निघाला तर परत यायला त्याला वेळ लागतो. रुंद पानांच्या बाबतीत केळीच्या वाळलेल्या पानांचे जाड आच्छादन दोन ओळींमध्ये घाला. त्याच्या बिया जमिनीच्या वरच्या काही सेंटीमीटरमधूनच वर येऊ शकतात, आणि अंधार राहिला तर त्यांतल्या बऱ्याच उठत नाहीत. लागवडीच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत, केळीची सावली जमिनीवर पडेपर्यंत, हे नेटाने केले की पुढचे काम निम्मे होते.